धरणाच्या पाण्यात माशाचे घर

कुपवाडला नदी नाही. सांगली आणि मिरज या दोन जुन्या शहरांच्या मधल्या माळावर वसलेले हे गाव औद्योगिक वसाहतीमुळे वाढले. 1998 साली तिन्ही मिळून एक महापालिका झाली आणि तिची तहान भागते ती कृष्णेवर. ही कृष्णा आता धरणांच्या कलाने वाहते. कराडला तिला कोयना मिळते, ब्रह्मनाळला येरळा, हरिपूरला वारणा. कोयनेचे पाणी 105 टीएमसीच्या शिवसागर जलाशयात अडते, वारणेचे चांदोलीच्या 34 टीएमसीच्या वसंतसागरात. उन्हाळ्यात सांगलीच्या घाटावर किती पाणी दिसणार, हे वरच्या धरणांतून किती सोडले आणि वाटेत किती उपसले यावर ठरते. पूर्वेकडे कवठेमहांकाळ, जत, आटपाडी या कोरड्या पट्ट्यात तर पाणी दिसते तेच मुळी तलावांत, आणि आता त्यांतल्या अनेक तलावांत म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचे पाणी येऊन पडते. म्हणजे या जिल्ह्यातला मासा बव्हंशी माणसाने अडवलेल्या, सोडलेल्या किंवा उपसून आणलेल्या पाण्यात जगतो. हे एकट्या सांगलीचे नाही. देशातली सर्वांत जास्त मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत.

धरण बांधताना पिकाचा विचार झाला, विजेचा झाला, पिण्याच्या पाण्याचा झाला. माशाचा विचार बहुतेक ठिकाणी एवढाच झाला, की पाणी साठले आहे तर त्यात मत्स्यबीज सोडावे. मासा कुठे अंडी घालेल, पिल्ले कुठे लपतील, काय खातील, हे कोणी विचारले नाही. या प्रकरणात तोच प्रश्न विचारायचा आहे. त्याचे उत्तर आपल्याच राज्यात, गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांवर, काही मासेमार संस्थांनी शोधून दाखवले आहे.

आधी नदीतला मासा कसा जगतो ते पाहू. सह्याद्रीतून उतरणारी नदी एकसारखी नसते. कुठे खडकावरून उथळ धावणारे पाणी, कुठे खोल डोह, कुठे गोट्यांचा पसारा, कुठे काठाची गवते आणि पाण्यात लोंबणारी झाडांची मुळे. प्रत्येक जागेचा कोणी ना कोणी रहिवासी असतो. पाऊस पडून नदी चढली की अनेक जाती प्रवाहाविरुद्ध वर सरकतात आणि उथळ, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात अंडी घालतात. पिल्ले काठच्या बुडालेल्या गवतात वाढतात. उन्हाळ्यात नदी आटली की सगळे डोहात जमतात. कोयना नदीतल्या माशांची पाहणी 2011 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात पन्नासहून अधिक जाती नोंदल्या आहेत. हे वैभव आहे ते नदीच्या या वैविध्यामुळे.

नदीवर भिंत उभी राहिली की हे सगळे सपाट होते. वरच्या अंगाला फुगवटा पसरतो, खळाळ बुडतात, गोट्यांवर गाळ बसतो. पहिली काही वर्षे मासे भरपूर मिळतात, कारण बुडालेली झाडेझुडपे आणि माती कुजून पाण्यात अन्न मिसळत असते. ते संपले की उत्पन्न घसरते. झाडांचे बुंधे कुजून जातात आणि तळ उघडा पडतो. त्यात पाण्याची पातळी दर वर्षी कित्येक मीटर खालीवर होते. पावसाळ्यात काठोकाठ, मे महिन्यात अर्ध्यावर. या चढउतारात सापडलेला काठाचा पट्टा धड जमीन राहत नाही आणि धड पाणीही. जमिनीवरची झाडे पाण्यात गुदमरतात, पाण्यातली झाडे उन्हात वाळतात. कोणत्याही धरणावर उन्हाळ्यात जा, पाण्याभोवती जो उघडा, भेगाळलेला, तांबूस पट्टा दिसतो तो माशांच्या दृष्टीने मोडलेले पाळणाघर आहे. माशाच्या पिल्लाला पहिले काही आठवडे जगायला जे हवे, म्हणजे उथळ, कोमट, वनस्पतींनी भरलेले पाणी, ते नेमके याच पट्ट्यात असायला हवे होते.

या पट्ट्याला आपल्याकडे आणखी एक मालक असतो. पाणी उतरले की उघडी पडलेली गाळाची जमीन गाळपेरीसाठी दिली जाते. गरजू कुटुंबांना तिचा मोठा आधार असतो, त्यामुळे तिच्याविरुद्ध बोलण्यात अर्थ नाही. पण गाळपेरीत टाकलेले खत आणि कीटकनाशक पुढच्या पावसात थेट पाण्यात उतरते, तेही माशांच्या विणीच्या हंगामात. हा हिशेब आजवर कोणी मांडलेला नाही, कारण जमीन एका कार्यालयाच्या वहीत आहे आणि मासा दुसऱ्याच्या.

मग बीज सोडण्याचा मार्ग कसा रूढ झाला? कटला, रोहू, मृगळ हे आपल्या बाजारातले नेहमीचे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. साचलेल्या पाण्यात ते आपणहून वीण करत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या कार्प माशांची वीण करवून दाखवली. ही फार मोठी कामगिरी होती. तिच्यामुळे मत्स्यबीज हवे तेवढे तयार करता येऊ लागले, लाखो शेततळी आणि तलाव पिकू लागले. तो दिवस आजही देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पण लहान तळ्यात जे जमते ते मोठ्या जलाशयात तसेच जमत नाही. तिथे सोडलेले इवले बीज मोठ्या माशांच्या तोंडी जाते, सांडव्यावरून वाहून जाते, नाहीतर लपायला जागा न मिळाल्याने मरते. 1995 साली व्ही. व्ही. सुगुणन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेसाठी भारतातल्या जलाशयांचा मोठा आढावा घेतला. देशातल्या सुमारे साडेएकतीस लाख हेक्टर जलाशयांतून हेक्टरी सरासरी 20 किलोच मासे निघत होते. लहान तलावांत हा आकडा 50 किलोच्या आसपास होता, मोठ्या धरणांत जेमतेम 11. पाणी होते, बीजही पडत होते. त्या बीजाला जगवणारी जागा नव्हती.

नुसते बीज वाढवण्यात दुसराही धोका आहे, आणि तो समजून घ्यायला आपल्या खडशीची गोष्ट पाहायला हवी. खडशी म्हणजे दख्खनी महसीर. इंग्रज अधिकारी सायक्स याने 1830 च्या दशकाच्या शेवटी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून तिची शास्त्रीय नोंद केली. दमदार, मोठ्या खवल्यांचा, वाहत्या पाण्याचा हा मासा धरणे आणि मासेमारी यांनी घटत गेला. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकात त्याचे बीज तयार करण्याचे केंद्र उभारले. राज्याच्या मत्स्य खात्याचे जुने जाणकार डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी त्याच्या विणीचा बारकाईने अभ्यास केला होता, त्याचा पाया या कामाला मिळाला. एका खासगी कंपनीने आपल्या धरणातल्या माशाची जबाबदारी घेणे ही त्या काळात दुर्मीळ गोष्ट होती आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. हे बीज देशात दूरदूर गेले. कर्नाटकात ते कावेरीत सोडले गेले आणि तिथे ते फोफावले. पण कावेरीचा स्वतःचा एक महसीर होता, पाठीवर कुबड असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. परका महसीर वाढत गेला तसा तो दिसेनासा झाला. 2018 साली त्याला नीट शास्त्रीय ओळख मिळाली, तेव्हाच तो नष्ट होण्याच्या काठावर असल्याचेही नोंदवावे लागले. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: कोणत्या पाण्यात कोण राहत होते हे न पाहता सोडलेले बीज, हेतू कितीही चांगला असो, दुसऱ्याचे घर बळकावू शकते.

आता गोंदियाकडे. पूर्व विदर्भात जवळजवळ सात हजार माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजातल्या लोकांनी ते बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. भाताला पाणी हा तलावांचा मुख्य हेतू, पण मासा, कमळकाकडी, शिंगाडे, गवत, जनावरांचे पाणी हे सगळे त्यातून मिळे. 1951 साली मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले, आणि वर्षानुवर्षे चालत आलेली दुरुस्तीची गावकीची रीत मोडली. गाळ साचला. काठावर बेशरमीचे रान माजले. हे गुलाबी फुलांचे झुडूप जनावर खात नाही, पाण्यात आणि कोरड्यात सारखेच वाढते, आणि तलावाचा उथळ काठ, म्हणजे माशांच्या विणीचीच जागा, गिळून टाकते. मासेमारीचा ठेका ढीवर समाजाच्या सहकारी संस्थांना मिळू लागला तो कटला-रोहूचे बीज सोडायच्या अपेक्षेने. त्याच्या जोडीला गवत्या आला. या परदेशी माशाला पाणवनस्पती खाण्यासाठीच आणले गेले होते. त्याने आपले काम चोख केले आणि तलावाचा तळ बोडका झाला. वनस्पती गेल्या तशा देशी माशांच्या जातीही गेल्या.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजणकर आणि त्यांचे सहकारी या तलावांचा अभ्यास करत होते. अर्जुनी मोरगावच्या मासेमार संस्थेतले पतिराम तुमसरे यांच्यासारखे ढीवर त्यांना भेटले. कोणता मासा कोणत्या झाडात अंडी घालतो, कोणती पाणवनस्पती कोणत्या ऋतूत उगवते, कोणत्या तलावात काय होते आणि कधी नाहीसे झाले, हे ज्ञान मासेमारांच्या डोक्यात होते. ते नोंदले गेले, तपासले गेले आणि मग कामाला लागले.

काम दिसायला साधे, करायला चिवट. उन्हाळ्यात पाणी उतरले की बेशरम मुळासकट उपटायची. कापून भागत नाही, तुकड्यातून ती पुन्हा फुटते. उघडा पडलेला काठ नांगरायचा, म्हणजे घट्ट झालेला गाळ मोकळा होतो. पाऊस पडून चिखल झाला, की दुसऱ्या जिवंत तलावातून आणलेल्या देशी पाणवनस्पतींची लावणी करायची. भाताच्या लावणीत तरबेज असलेल्या ढीवर बायांचे हात इथे कामी आले आणि त्यांचे गट या कामाच्या मध्यभागी आले. वनस्पती निवडायच्या त्या तीन थरांच्या. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया अशा पाण्याखाली राहणाऱ्या, ज्या पाण्यात प्राणवायू सोडतात आणि ज्यांच्या पानांना अंडी चिकटतात. कुमुदिनीसारख्या तरंगत्या पानांच्या, ज्यांच्या सावलीत पाणी तापत नाही. आणि काठाला अर्धे अंग बाहेर ठेवून उभ्या राहणाऱ्या, ज्यांच्यात पिल्ले लपतात आणि पाखरे घरटी करतात. देवधान नावाचा रानभातही याच काठावरचा. सोबत नियम आले: विणीच्या दिवसांत जाळे टाकायचे नाही, बारीक आसाचे जाळे वापरायचे नाही, गवत्या सोडायचा नाही.

काही हंगामांत देशी मासे परतू लागले. त्यांचे बीज विकत आणावे लागत नाही, ते तलावातच तयार होते. दर वर्षी बीजावर होणारा खर्च वाचतो, आणि बाजारात गावठी माशाला मागणीही चांगली असते. पाखरे परतली हा वरचा लाभ. पुढे या कामाला संस्थांची, रोजगार हमीची आणि विद्यापीठांतल्या अभ्यासकांची जोड मिळाली. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल 2022 मध्ये महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला मंजुरी दिली, तेव्हा त्याच्या सात विषयांत गोड्या पाण्यातल्या जैवविविधतेला स्वतंत्र जागा मिळाली.

गोंदियात नेमके काय जमून आले ते पाहण्यासारखे आहे. तलावाचा बांध आणि पाणी एकाचे, मासा दुसऱ्याचा, काठ तिसऱ्याचा, आणि रान वाढले तर ते कोणाचेच नाही, अशी ही व्यवस्था. ठेका असतो मर्यादित वर्षांचा. ज्या संस्थेला पुढच्या खेपेला तलाव आपल्याकडे राहील याची खात्री नाही, ती काठावर झाडे कशाला लावेल? तिच्या दृष्टीने आज बीज टाकून उद्या मासा काढणे हाच शहाणपणा ठरतो. गोंदियात मासेमार, अभ्यासक, बचत गट, ग्रामपंचायत आणि सरकारी योजना एका तलावाभोवती बसले, म्हणून ही कोंडी फुटली. यातला एकही एकटा काही करू शकला नसता.

अमेरिकेतही हेच कळायला बराच काळ गेला. तिथली बहुसंख्य धरणे विसाव्या शतकाच्या मध्यातली. ती जुनी होत गेली तशी त्यांतली मासेमारी घटली. 2006 साली माशांच्या अधिवासासाठी राष्ट्रीय आराखडा झाला आणि 2009 साली खास जलाशयांसाठी वेगळी भागीदारी उभी राहिली. धरण चालवणारी खाती, राज्यांचे मत्स्य विभाग आणि हौशी मासेमारांची मंडळे मिळून काम करतात. नाताळानंतर फेकली जाणारी झाडे वजन बांधून तळाशी सोडतात, कुजलेल्या बुंध्यांच्या जागी फांद्यांचे जुडगे ठेवतात, काठावर पाणवनस्पती लावतात. पैशापेक्षा अंगमेहनत जास्त लागते. आपल्याकडे बाभळीच्या फांद्या आणि बांबू यांना तोटा नाही, पण एक काळजी घ्यायला हवी: असे अडथळे जाळी फाडतात. ते कुठे ठेवायचे हे मासेमारांनीच ठरवायला हवे.

आता पुन्हा सांगलीकडे. कोयना आणि चांदोली हे दोन्ही मोठे जलाशय 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कुशीत आहेत. तिथे वरच्या ओढ्यांवर जंगल आहे, आणि तो या खोऱ्यातल्या देशी माशांचा राखीव साठा आहे. त्याला हात न लावणे हेच तिथले मोठे काम. खरी दुरुस्ती हवी ती खाली, पूर्वेकडच्या शेकडो लहान-मध्यम तलावांत. नदीचे काय झाले आहे ते 2023 च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला तेव्हा सगळ्यांनी पाहिले. सांडपाणी थांबल्याशिवाय नदीत मासा टिकणार नाही आणि ती लढाई वेगळी, लांबची आहे. तलाव मात्र आजच हाताशी आहेत, आणि गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना त्यांच्यापर्यंत पोहोचलेलीही आहे. 2017 साली ती सुरू झाली, 2023 साली पुन्हा हाती घेतली गेली. यंत्र एका संस्थेचे, गाळ शेतकऱ्याचा, परवानगी सरकारची. भागीदारीचा सांगाडा त्यात तयार आहे. फक्त मासेमार त्यात नाही.

तो असता तर खोदाई वेगळी झाली असती. आज यंत्र काठापासून तळापर्यंत सरळ उभ्या कडा कापत जाते, कारण मोजमाप निघते ते घनमीटरमध्ये. तलाव खोक्यासारखा होतो. पाणी जास्त मावते, पण उथळ काठ संपतो. मासेमार सांगेल, की एका अंगाला उतरता काठ राखा, त्यावरची गवते राहू द्या, मधोमध एक डोह खोल करा म्हणजे मृतसाठ्यात मे महिन्यातही मासे तग धरतील. यात गाळ थोडा कमी निघेल, खर्च वाढणार नाही. उपसा योजनेचे पाणी तलावात कधी सोडायचे, याचाही विचार होऊ शकतो. विणीच्या दिवसांत पातळी आठवडाभर स्थिर राहिली तरी काठाला चिकटलेली अंडी वाळून जात नाहीत.

सांगली जिल्ह्याला हे शिकवायला बाहेरून कोणी यायची गरज नाही. येरळेवर बलवडीचा बळीराजा बंधारा शेतकऱ्यांनी आणि मुक्ती संघर्ष चळवळीने, वाळूच्या पैशातून आणि श्रमातून उभा केला. पाणी कोणाला किती हे आधी ठरवून मग भिंत बांधली. आटपाडीच्या दुष्काळी भागाने नागनाथअण्णा नायकवडींच्या नेतृत्वाखाली समन्यायी पाणीवाटपासाठी वर्षानुवर्षे परिषदा भरवल्या. पाण्यावर सगळ्यांचा हक्क आहे हे या मातीने मान्य केले आहे. त्या सगळ्यांत पाण्यातला मासा आणि त्याच्यावर जगणारा भोई, कोळी यांना धरायचे तेवढे राहिले.

म्हणून वाचकाला एक विनंती. तुमच्या गावच्या तलावातला गाळ यंदा उन्हाळ्यात निघणार असेल, तर यंत्र येण्याआधी ग्रामसभेत तीन गोष्टी मागा. तलावाचा ठेका असलेल्या मत्स्य संस्थेला बैठकीला बोलवा. कोणता काठ उतरता ठेवायचा आणि डोह कुठे खणायचा हे त्यांच्यासोबत ठरवून नकाशावर लिहून घ्या. आणि गावच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत, कायद्याने ती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी, त्या तलावात पूर्वी कोणते मासे मिळत होते ते जुन्या माणसांकडून ऐकून नोंदवा. लावणीला पाऊस पडल्यावर लागायचे आहे. हा कागद मात्र त्याआधीच तयार हवा.